दिवा कुठून आणला?

(माउंट रॉस्किलच्या सभेत दिलेलं हे भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेली दोन-तीन वाक्यं लिहिताना घातली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



गेल्या सभेनंतर चहाच्या वेळी एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "तुम्ही सायंटिस्ट ना? मग अगस्त्य संहितेतल्या बॅटरीवर एकदा बोला की." आवाजात थोडं आव्हान होतं, थोडी उत्सुकताही होती. मातीचं भांडं, तांब्याची पट्टी, मोरचूद, ओला भुसा, जस्त, पारा. हा मजकूर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेला आहे. निदान पुढे पाठवलेला तरी आहे. काका स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर, उभी नोकरी विजेच्या खात्यात गेलेली, आता मुलाकडे इथे राहतात. म्हणजे विजेतलं काही कळत नाही म्हणून विचारलेला प्रश्न नव्हता. मी "पुढच्या वेळी सांगते" म्हणून सुटका करून घेतली आणि चिवड्याच्या टेबलाकडे गेले.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्या श्लोकांचा काळ कोणता, जुनी प्रत कुठली, हा माझा विषय नाही. त्यावर वाद घातला तर काय होतं तेही ठाऊक आहे. दोन्ही बाजू आपापलं मत घेऊन घरी जातात आणि पुढच्या दिवाळीला एकमेकांशी जपून बोलतात. मी उपकरणं बनवणारी बाई आहे. माझ्या धंद्यात कुणी नवा जोड दाखवला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, याच्या दुसऱ्या टोकाला काय लावलंय? म्हणून मी मनात म्हटलं, ठीक आहे, बॅटरी होती असं घटकाभर धरू. मग तिला दिवा कुठला लावला? आणि तो दिवा आणला कुठून?

हा प्रश्न मला तेव्हाच सुचला याला एक घरगुती कारण होतं. त्याच आठवड्यात मी स्वतः एक दिवा शोधत फिरत होते आणि मिळत नव्हता.

झालं असं की आपल्या शनिवारच्या मराठी वर्गातल्या मुलांसाठी मी एक जुन्या पद्धतीचं चुंबकमापक बनवायला घेतलं होतं. ते फार साधं असतं. रेशमाच्या एका बारीक धाग्याला छोटं लोहचुंबक टांगायचं, त्याला नखाएवढा आरसा चिकटवायचा, आरशावर दिव्याची तिरीप सोडायची आणि परत येणारा कवडसा समोरच्या भिंतीवर पाडायचा. चुंबक केसभर वळलं की भिंतीवरचा कवडसा बोटभर सरकतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसभरात किंचित कमीजास्त होत असतं. ते अशा कवडशात डोळ्यांना दिसतं. कवडसा भिंतीवर न पाडता हळूहळू फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पाडला की दिवसभराची नोंद आपोआप उमटते. जगातल्या चुंबकीय वेधशाळा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभरेक वर्षं अशाच चालल्या.

मुलगी म्हणाली, "आई, लेझर पॉइंटर लाव ना." अगदी बरोबर आहे. लेझर लावला तर पाच मिनिटांत काम होतं. पण मला ते जुन्या लोकांच्या अडचणींसकट करून बघायचं होतं. हट्टच म्हणा.

तर मी हार्डवेअरच्या दुकानातून टॉर्चचा बल्ब आणला, लावला, आणि दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे कवडसा म्हणून जे भिंतीवर आलं तो एक वेडावाकडा पिवळट डाग होता. हल्लीच्या बल्बची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, तिचीच प्रतिमा भिंतीवर पडत होती. दुसरी म्हणजे दिवा जरा पुढेमागे सरकवला की डागच भिंतीवर चालू लागे. बल्बची टोपी पोलादी निघाली. मी पृथ्वीचं चुंबकत्व मोजत नव्हते, बल्बच्या टोपीचं मोजत होते.

तेव्हा कळलं की इथे दिवा म्हणजे उजेड देणारी कुठलीही वस्तू चालत नाही. तार आखूड, सरळ आणि तेजस्वी हवी, म्हणजे रेघेसारखा कवडसा मिळतो. ज्योत हलता कामा नये. उष्णता फार नको, कारण चुंबकाची ताकद तापमानाने बदलते. आणि लोखंड तर जवळपास कुठेच नको.

आखूड आणि तेजस्वी तार हवी असेल तर दिवा कमी व्होल्टचाच लागतो. एकाच जाडीची, एकसारखी तापलेली तार घेतली तर तिला लागणारा दाब तिच्या लांबीच्या प्रमाणात असतो. १९०५ साली बर्लिनच्या सीमेन्स आणि हाल्स्के कंपनीने टँटलम धातूच्या तारेचा दिवा बाजारात आणला. ११० व्होल्टच्या त्या दिव्यात अर्ध्या दशांश मिलिमीटर जाडीची सुमारे ६५ सेंटिमीटर तार खाली-वर नागमोडी ओवलेली असे. म्हणजे तोच दिवा ४ व्होल्टचा करायचा तर तार अडीच सेंटिमीटरही लागत नाही. पहिला दिवा घर उजळायला चांगला, पण त्याचा कवडसा पाडायला गेलात तर भिंतीवर पिंजरा दिसेल. दुसऱ्याची तार म्हणजे सरळ एक रेघ.

पण इथे एक गोम आहे, आणि काकांच्या ती लगेच लक्षात येईल. उजेड तेवढाच हवा असेल तर व्होल्ट कमी केले की अँपिअर वाढतात. आणि अँपिअर वाढले की तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाढतं. अर्ध्या अँपिअरचा प्रवाह नेणारी एक सरळ तार चुंबकापासून एक मीटरवर ठेवली तर ती तिथे १०० नॅनोटेस्लाचं क्षेत्र तयार करते. मुंबईकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला असतो आणि एखाद्या शांत दिवशी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नासनेच बदलतो. म्हणजे जे बघायचं त्याच्या दुप्पट गोंधळ दिव्याची तारच घालणार. यावर उपाय सोपा आहे. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ घालून न्यायची, म्हणजे दोघींचा परिणाम एकमेकीला मारतो. सोपा, पण कुणाच्या तरी लक्षात आला तर.

आता जरा अलिबागला जाऊ. माझं माहेर तिकडचं. लहानपणी आम्हाला चुंबकीय वेधशाळा म्हणजे ‘जिथे सायकल नेऊ देत नाहीत ती जागा’ एवढंच माहीत होतं. शाळेची सहल गेली तेव्हा किल्ल्या, कंपासपेट्या, छत्र्या, सगळं बाहेर काढून ठेवायला लावलं होतं. एका मुलाने खिशात भोवरा लपवला होता. भोवऱ्याला लोखंडी आर असते हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. अर्थात त्याने जगाच्या भूचुंबकशास्त्राचं काही नुकसान झालं नसावं, पण आम्हाला मात्र आपण फार मोठ्या संशोधनात लुडबूड केली असं वाटून पुढे आठवडाभर मजा आली होती.

ही वेधशाळा अलिबागला का आली त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मूळची ती मुंबईच्या कुलाब्याची. (आमचा अलिबागचा जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होता, त्यामुळे पत्रांचा काय घोळ होत असेल तो असो.) ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली ती उभारली ती खगोलाच्या निरीक्षणासाठी आणि जहाजांना वेळ देण्यासाठी. १८४१ पासून तिथे चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली. प्राध्यापक ऑर्लिबार प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत विशीही न गाठलेला एक मुलगा होता, अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढचे केरूनाना छत्रे, ज्यांच्याकडे टिळक डेक्कन कॉलेजात गणित शिकले. तेव्हा फोटोचे कागद आले नव्हते. ठरलेल्या वेळी उठायचं, दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, रात्रीसुद्धा. कंटाळवाणं काम, पण ते चुकलं की त्या तासाचा आकडा पुन्हा कधीच मिळत नाही.

एकोणिसावं शतक संपता संपता कुलाब्याचे संचालक होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती आणि आता तिच्या जागी विजेची येणार असं ठरत होतं. विजेच्या ट्रामला वरच्या तारेतून सुमारे ५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह मिळतो, तो रुळांतून परत जातो, आणि त्यातला बराच रुळांतून निसटून जमिनीत पसरतो. पीळ घातलेल्या तारांच्या बरोबर उलट प्रकार. ट्राम धावू लागली की कुलाब्याची साठ वर्षांची अखंड नोंद तिथेच संपणार हे मूस यांना दिसत होतं.

आता अशा वेळी आपल्यातले बरेच जण काय करतील? निवेदन देतील, सही मोहीम काढतील, ट्राम थांबवा म्हणतील. मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागची जागा पसंत केली. कोकणातला काळा दगड स्वतःच थोडा चुंबकी असतो, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणवला, तोही तपासून. १९०४ मध्ये ती तयार झाली. आणि मग, मला सगळ्यात आवडतं ते हे, १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता येईल. त्यानंतरच कुलाब्याची चुंबकीय उपकरणं थांबली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. लोकांना ट्रामही मिळाली आणि नोंदही तुटली नाही. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातली कुलाब्याची सगळी आकडेवारी दोन भागांत छापली. आज जगात जे कुणी चुंबकीय वादळांचा जुना इतिहास शोधतात त्यांना तिच्याकडे यावंच लागतं.

आपल्या न्यूझीलंडमध्येही हीच गोष्ट घडली. क्राइस्टचर्चच्या बोटॅनिक गार्डनमध्ये १९०१ साली चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, अंटार्क्टिकाच्या मोहिमांना तिचा आधार होता. १९०५ मध्ये शहरात विजेची ट्राम आली आणि १९१३ मध्ये चुंबकीय नोंदींसाठी उत्तरेला अँबर्लीला नवं ठाणं करावं लागलं. ट्राम आली की चुंबकं गावाबाहेर जातात, हा त्या काळचा जगभरचा अनुभव. माउंट रॉस्किलला मात्र सध्या तशी काही भीती नाही. ऑकलंडच्या ट्रामा १९५६ साली बंद झाल्या, २०१७ मध्ये पुन्हा आणू म्हणाले, डॉमिनियन रोडवरच्या दुकानदारांनी धसका घेतला, आणि २०२४ च्या जानेवारीत सगळंच रद्द झालं. चुंबकमापक लावायला इतकी सुरक्षित जागा दुसरी सापडायची नाही!

तर दिवा. मूस यांनी उपकरणं विजेपासून दूर, अशा गावात नेली जिथे १९०४ साली ना गॅस होता ना वीज. अशा उपकरणांत त्या काळी सर्रास तेलाचा किंवा गॅसचा दिवा असे. पण तेलाच्या दिव्यालाही अट होतीच, टाकी पत्र्याची चालत नाही, कारण पत्रा म्हणजे लोखंड. पितळेचीच हवी. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीहून आपल्याकडे घरोघर गेलेला प्रभाकर कंदील गुणी खराच, पण या खोलीत त्याला प्रवेश मिळाला नसता. वर काजळी, वात कापणं, बंद खोलीतली उष्णता. म्हणून छोटा विजेचा दिवा मिळाला तर हवा, असं ठिकठिकाणच्या उपकरणवाल्यांना वाटू लागलं होतं.

आणि इथे खरी शोधाशोध सुरू होते. समजा १९०४-०५ साली अलिबागला किंवा क्राइस्टचर्चला बसून तुम्हाला ४ व्होल्टचा दिवा हवाय. कोळशाच्या तारेचे दिवे मिळतात. डॉक्टरांच्या मूत्राशय बघायच्या दुर्बिणीत तसले इवलेसे दिवे १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून होतेच. पण कोळशाची तार १,८०० अंशांच्या फार वर नेता येत नाही, ती झिजून काच काळी होते. उजेड तांबूस आणि महाग, एका मेणबत्तीइतक्या प्रकाशाला साडेतीन वॉट. व्हिएन्नाच्या आउअर फॉन वेल्सबाखने ऑस्मियम धातूचा दिवा काढला होता, पण ऑस्मियम इतकं दुर्मिळ की जळून गेलेले दिवे कंपनी परत घेत असे. धातूच्या तारेचा रोध कमी, त्यामुळे तो दिवा जात्याच कमी व्होल्टचा, तीस-चाळीसच्या आसपास. घरच्या विजेवर तो लावायचा तर तीन-चार दिवे एकामागून एक माळेत जोडावे लागत. घरच्या गिऱ्हाइकाला ही कटकट होती, आणि आमच्यासारख्या उपकरणवाल्यांना तेच तर हवं होतं.

मग टंगस्टन आलं. १९०४ साली बुडापेस्टमध्ये युस्ट आणि हानामान यांनी टंगस्टनच्या तारेच्या दिव्याचं पेटंट घेतलं. कोळशाला जिथे साडेतीन वॉट लागत तिथे याला सव्वा. पण पहिल्या तारा धातूची पूड दाबून केलेल्या, चकलीसारख्या ठिसूळ. कारखान्यातून निघालेली पेटी बोटीने सुएझवरून मुंबईला किंवा अर्ध्या जगाला वळसा घालून लिटल्टनला पोचेपर्यंत आत किती तारा शाबूत राहत असतील? १९१० च्या सुमाराला अमेरिकेत कूलिजने टंगस्टन ठोकून, तापवून, ओढून लवचीक तार करायची रीत बसवली आणि त्यानंतर छोटे, जाड तारेचे, धक्का सोसणारे दिवे निघाले. ते मुख्यतः मोटारगाड्यांसाठी होते. शास्त्रज्ञ हे कोणत्याच कारखान्याचं गिऱ्हाईक नव्हते. दुसऱ्यांसाठी केलेल्या दिव्यांतून ते आपल्याला चालणारा वेचून घेत. आजही आम्ही तेच करतो, फक्त वेबसाइटवर.

दिवा मिळाला तरी तो पेटवायचा कशावर? अर्धा अँपिअर, चोवीस तास, म्हणजे रोजचे बारा अँपिअर-तास. कोरडे सेल इतका वेळ सलग चालत नाहीत. टॉर्चला अमेरिकेत ‘फ्लॅशलाइट’ नाव पडलं ते उगाच नाही, पहिल्या टॉर्चा क्षणभर उजेड देऊन दमायच्या. म्हणजे शिसं आणि तेजाबाची बॅटरी हवी. आणि ती भरायला वीज हवी, जी गावात नाही! मुंबईहून भरून आणायची तर पावसाळ्यात बोटी बंद. तेलाचा दिवा इतकी वर्षं टिकला तो लोक मागासलेले होते म्हणून नव्हे. त्याला वाण्याच्या दुकानापलीकडे काही लागत नव्हतं.

टंगस्टनचीही एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या दोन्ही देशांतून जाते. क्वीन्सटाऊनला आपण सगळे जातो, पाहुणे आले की नेतोच. तिथून तळ्याकाठाने पुढे ग्लेनॉर्कीला गेलात तर वरच्या डोंगरांत शीलाइटच्या जुन्या खाणी आहेत. शीलाइट म्हणजे टंगस्टनचं खनिज. अंधारात जंबुपार दिवा मारला तर निळं चमकतं. पहिल्या महायुद्धात त्याला मोठी मागणी होती. आणि आपल्या विदर्भात, नागपूर जिल्ह्यातल्या आगरगावला, टंगस्टनचंच दुसरं खनिज, वुल्फ्रमाइट, विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सापडलं होतं. ब्रह्मदेशात तर त्याचा मोठा साठा. १९१४ पूर्वी ब्रिटिश साम्राज्यातलं, विशेषतः ब्रह्मदेशातलं, बरंच खनिज शुद्ध व्हायला जर्मनीला जाई. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सरकारला साक्षात्कार झाला की खनिज आपलं असलं तरी त्यातून धातू काढायचं कसब शत्रूकडे आहे. हे टंगस्टन मुख्यतः पोलादाच्या हत्यारांसाठी लागे, दिव्यांना त्यातलं किरकोळच. पण तेच मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या ४ व्होल्टच्या दिव्यात किती टंगस्टन असेल? मी हिशेब केला. मघाच्याच मापाची तार धरली तर सुमारे एक मिलिग्रॅम. एका किलोत दहा लाख दिवे! म्हणजे दिव्यात धातूची किंमत जवळजवळ शून्य. सगळी किंमत आहे ती तार ओढण्याच्या हाताची, हवा काढून घेणाऱ्या पंपाची, आणि काचेतून तार आत नेताना सांधा न तडकू देण्याची. आगरगावला खनिज होतं, ग्लेनॉर्कीला खनिज होतं, आणि दोन्हीकडची माणसं दिवा विकत घेत होती तो परदेशी छापाचा.

हिंदुस्थानात दिव्यांचे स्वतःचे कारखाने उभे राहिले ते १९३० च्या दशकात. कलकत्त्याचा बेंगॉल लॅम्प त्यातला एक. १९३८ साली रेडिओ लॅम्प वर्क्स नावाची कंपनी निघाली, तीच पुढे १९६० मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्स झाली. आपल्यातल्या बहुतेकांनी अभ्यास केला तो त्यांच्याच पिवळ्या बल्बखाली.

आता काकांच्या बॅटरीकडे येते. तांबं, जस्त आणि मोरचूद एकत्र आले की वीज मिळते यात शंकाच नाही. मी ती मुलांना करून दाखवते, लिंबातूनसुद्धा मिळते. एका भांड्याला एक व्होल्टच्या आसपास. चार भांडी जोडली की आपला ४ व्होल्टचा दिवा... आणि इथे मी थांबते. कारण ओल्या भुशातून अर्धा अँपिअर काही निघत नाही, ते एक. पण निघाला असं धरलं तरी दिवा? त्याला निर्वात काच लागते, आणि तशी निर्वात पोकळी करणारा पाऱ्याचा पंप १८६५ चा. काचेबरोबर फुगणारी आणि आकसणारी तार लागते, म्हणजे प्लॅटिनम. तीन हजार अंशांवरही न वितळणारा धातू लागतो. यातली प्रत्येक गोष्ट करायला आणखी दहा गोष्टी लागतात, त्यांच्या भट्ट्या लागतात, कारागीर लागतात, त्यांच्या चुका झालेल्या, फेकून दिलेल्या काचांचे ढीग लागतात. ते ढीग जमिनीत सापडतात. कुंभाराच्या भट्टीचे सापडतात, तांबटाचे सापडतात, पोलाद करणाऱ्यांचे सापडतात. दिव्यांचे नाही सापडले.

हे सगळं मी या सभेआधी काकांना फोनवर सांगितलं, कारण चारचौघांत एकदम सांगणं बरं दिसलं नसतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे काही नव्हतंच असं तुम्हाला म्हणायचंय." आवाज दुखावलेला होता. मला वाईट वाटलं. कारण या वाक्यामागे काय असतं ते मला कळतं. परदेशात चाळीस माणसांच्या मीटिंगमध्ये एकटीच सावळी असताना, "तुमच्याकडे हे असतं का?" असं कुणी गोड आवाजात विचारलं की जे होतं तेच ते. मी म्हटलं, काका, होतं ना. नागावच्या एका मुलाने रात्री उठून आकडे लिहिले ते होते. मूस यांनी दोन वर्षं दोन ठिकाणी नोंद ठेवली ती होती. ती अलिबागची मालिका आजही चालू आहे, शंभर वर्षांवर झाली, जगभरचे लोक वापरतात. त्याच्याबद्दल मला आजवर एकही फॉरवर्ड आलेला नाही.

ते यावर काही बोलले नाहीत. विषय बदलून म्हणाले, "तुमच्या त्या कवडशाला बल्ब मिळाला का?" मी म्हटलं, नाही अजून. तर म्हणाले, "अहो, जुन्या स्कूटरचा बघा. सहा व्होल्टचा, दोन्ही टोकांना टोप्या असलेला, लांबट. त्यात तार सरळ असते. आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये गॅल्व्हानोमीटरला आम्ही तोच लावायचो, कंपनीचा दिवा गेला की साहेब सहा महिने मंजुरी द्यायचे नाहीत." पाहा, १९०५ सालची गोष्ट १९७५ मध्येही तीच. आणि दोन दिवसांनी ते स्वतःच जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन तीन बल्ब घेऊन आले, बरोबर एक होकायंत्र. प्रत्येक बल्ब होकायंत्राजवळ फिरवून बघितला. एकाने सुई हलवली, तो त्यांनी परत खिशात टाकला. उरलेल्या दोनांच्या टोप्या पितळी आहेत.

त्यातलाच एक आज इथे टेबलावर लावलेला आहे. तारांना पीळ काकांनी घातलाय, माझ्यापेक्षा पुष्कळ बरा. आरशापासून भिंत चार मीटरवर आहे. ऑकलंडला आडवं क्षेत्र मुंबईपेक्षा कमी, सुमारे २५,००० नॅनोटेस्ला, त्यामुळे आपलं चुंबक जरा जास्तच हळवं आहे. बाहेरच्या रस्त्याच्या अलीकडच्या कडेने एखादी मोटार गेली, इथून दहाएक मीटरवरून, तर माझ्या हिशेबाने कवडसा पाच-सहा मिलिमीटर हलायला हवा. दुपारी करून पाहिलं तेव्हा हलला होता, पण तेव्हा मी एकटीच होते, त्यामुळे त्याला पुरावा म्हणता येत नाही.

तेव्हा सगळ्यांनी किल्ल्या आणि फोन मागच्या टेबलावर ठेवा. खुर्च्यांचे पाय लोखंडी आहेत, म्हणून कृपा करून कुणी खुर्ची सरकवू नका. मुलांनी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आहे. काका, खोलीचे दिवे घालवा.